साखर लावली तरी

"पॉर्फिरिनला चार ग्लुकोज लावलेत, आता पाण्यात विरघळणारच ना?" आज लॅबमध्ये कुणीतरी सहज विचारलं. (पॉर्फिरिन म्हणजे प्रकाश शोषणारा सपाट, कड्यासारखा रेणू.) समोर स्क्रीनवर ४२० नॅनोमीटरजवळचा सोरे पट्टा (पॉर्फिरिनचा प्रकाश शोषण्याचा मुख्य पट्टा) बसका, पसरट. फ्लुओरेसन्स, म्हणजे शोषलेल्या प्रकाशातून परत येणारी चमक, जेमतेम.

द्रावण डोळ्याला स्वच्छ दिसतं, पण आत पॉर्फिरिनच्या चकत्या एकमेकींवर रचून बसलेल्या. साखरेला पाणी मानवतं, मधल्या सपाट कड्याला नाही.

त्याच द्रावणात डीएमपीसी या लिपिडचे लिपोसोम (पेशीपटलासारखं पटल असलेले बारीक पोकळ फुगे) थोडे थोडे घाला. पट्टा टोकदार होतो, ६५० नॅनोमीटरजवळची लाल चमक चढत जाते, कारण रेणू सुटे होऊन लिपोसोमच्या पटलात शिरतात. (हे लिपोसोम १०० नॅनोमीटरच्या गाळणीतून काढताना तापमान २४ अंशांच्या वरच ठेवा. खाली गेलात तर लिपिड घट्ट होतं आणि सिरिंज दाबता दाबता हात दुखतो.) प्रत्येक भरीनंतर रीडिंग स्थिर होईपर्यंत थांबायचं. गुठळ्या सावकाश सुटतात, घाई केली की बंधन कमी दिसतं.

त्याआधी मास स्पेक्ट्रम (रेणूंची वजनं दाखवणारा आलेख) बघाच. सोडियम मेथॉक्साइडने साखरेवरचे संरक्षक अ‍ॅसिटिल गट काढताना एखादा राहून गेला, तर ४२ ने जड शिखर दिसतं. तेवढ्यानेही रेणू जास्त चरबीप्रेमी होतो आणि 'छान चिकटतोय' असं वाटतं.

फोटोडायनॅमिक उपचारासाठी (औषधावर प्रकाश टाकून रोगट पेशी मारण्यासाठी) हे सगळं महत्त्वाचं, कारण गुठळीतून पेशी मारणारा सिंग्लेट ऑक्सिजन फारसा निघत नाही.

मग चमक वाढण्यावरून आपण जो बंधन-स्थिरांक (रेणू किती घट्ट चिकटतो त्याचा आकडा) काढतो, तो पटलाला चिकटण्याचा, की निम्मा गुठळी फुटण्याचा? तुम्ही हे वेगळं कसं करता?