ब्लास्टपुढचं प्रश्नचिन्ह

संध्याकाळची शिफ्ट, काउंटरवरची गर्दी ओसरलेली. रक्ताची जांभळ्या टोपीची ट्यूब पेशी मोजणाऱ्या मशीनला लावली आणि मिनिटभरात आकडे आले. पांढऱ्या पेशी १९,२००, त्यात लिम्फोसाइट, म्हणजे जंतू ओळखून लढणारा पांढऱ्या पेशींचा प्रकार, ७१ टक्के. खाली मशीनचा इशारा: ‘ब्लास्ट?’ मुलाचं वय १९.

ब्लास्ट म्हणजे अजून नीट न घडलेली पेशी. तिची जागा हाडांच्या मगजात, रक्तात नाही. रक्तात दिसली की डोक्यात पुढचा शब्द आपोआप येतो, ल्युकेमिया, रक्ताचा कर्करोग. दहा वर्षं लॅबमध्ये काढली, तरी पोटात गोळा आलाच. आणि मग मी नेमकी तीच चूक केली, जी करू नका म्हणून नव्या मुलींना मीच बजावते. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी स्लाइड बघायच्या आधी पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. “सर, बहुतेक ब्लास्ट आहेत.” फोनवर ‘बहुतेक’ हा शब्द पलीकडे पोचतच नाही. अर्ध्या तासात मुलगा आणि त्याची आई काउंटरवर हजर. आईचे डोळे लाल.

तोवर स्मीअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर, रंगवून झाला होता. मॅडमनी तेलाचा थेंब टाकला, शंभरची लेन्स फिरवली आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग खुर्चीवरून उठल्या. “बस. काय दिसतं ते सांग. नाव द्यायचं नाही, फक्त सांगायचं.”

पेशी मोठ्या होत्या, नेहमीच्या लिम्फोसाइटच्या दुप्पट तरी. केंद्रकाभोवती भरपूर फिकट निळा भाग.

“कड बघ.”

मग दिसलं. पेशी जिथे शेजारच्या तांबड्या पेशीला टेकली होती, तिथे तिची कड त्या गोलाईवर वळली होती, ओलं कापड दगडाला चिकटावं तशी. टेकलेल्या जागी निळा रंग गडद झालेला. पुढची पेशी वेगळी, त्यापुढची आणखी वेगळी. कुठे केंद्रक लांबट, कुठे खाच पडलेलं, कुठे नुसतंच ओबडधोबड.

“ल्युकेमियात सगळ्या एका साच्यातून काढल्यासारख्या दिसतात, कारण ती एकाच पेशीची पिलावळ असते. इथे एक तरी दुसरीसारखी आहे का?” शिवाय हिमोग्लोबिन १४.१, प्लेटलेट १,४५,०००. हाडांतला मगज बिघडला असता तर हे आकडे इतके शाबूत राहणं कठीण. ते मी आधीच बघायला हवे होते. माझी नजर त्या प्रश्नचिन्हावरून हललीच नव्हती.

मुलाला आत बोलावलं. बारा दिवस ताप आणि घसा. मॅडमनी पाठीमागे उभं राहून त्याची मान चाचपली आणि त्याला विचारून मलाही हात लावायला सांगितला. मानेच्या मागच्या बाजूला, दोन्हीकडे, ओळीने गाठी. बोटाखाली सरकत होत्या. जरा दाबलं तर त्याने खांदा आक्रसला. छातीवर पुरळ होतं. घशासाठी आधी अमॉक्सिसिलिन घेतलं होतं म्हणे. ते ऐकल्यावर मॅडम पहिल्यांदा हसल्या. ग्रंथिज्वरात, म्हणजे विषाणूमुळे ताप, घसा आणि गाठी येणाऱ्या आजारात, हे औषध घेतलं की असं पुरळ बऱ्याचदा उठतं.

मग आईला समोर बसवलं. “पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं ना? तसंच हे मानेत आलंय. घशातला पाझर बारीक नळ्यांतून आधी या गाठींत येतो. त्याला ढकलायला हृदय नाही, आपण हलतो तेव्हा स्नायूंच्या दाबाने तो पुढे सरकतो. गाठीत लाखो लिम्फोसाइट असतात, प्रत्येकाला वेगळा जंतू ओळखता येतो. ज्याला हा ओळखला, तो एकाचे दोन, दोनाचे चार होत जातो. गाठ सुजते ती या गर्दीने.”

यात एक गंमत आहे, ती मॅडमनी मला नंतर सांगितली. ग्रंथिज्वर करणारा हा एप्स्टाइन-बार विषाणू लपतो तोच मुळी लिम्फोसाइटमध्ये, बी प्रकारच्या. त्यांना मारायला टी प्रकारचे लिम्फोसाइट निघतात. म्हणजे घरचाच घरच्यावर उठतो. मी ज्यांना बघून घाबरले होते, त्या बहुतेक या टी पेशीच होत्या. आजारी नव्हत्या, कामावर होत्या.

“म्हणजे रोग नाही?” आईने विचारलं.

“रोग आहे. पण तुम्हाला वाटला तो नाही.”

मग मोनोस्पॉट लावला, ग्रंथिज्वराची झटपट चाचणी. या आजारात शरीर घोड्याच्या तांबड्या पेशींना चिकटणाऱ्या अँटिबॉडीसुद्धा बनवतं, विषाणूशी त्यांचा काही संबंध नसताना. बघता बघता कार्डावर दाणे धरले, म्हणजे ग्रंथिज्वरच. मी पुन्हा फोन केला. डॉक्टर मला काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं. प्लीहाही सुजलेली असू शकते, धक्क्याने फुटायची भीती, म्हणून काही आठवडे खेळ बंद, एवढं त्यांनी मुलाला बजावलं.

जाता जाता एक. हा विषाणू १९६४ मध्ये सापडला, पण ग्रंथिज्वर त्याच्यामुळे होतो हे कळलं ते फिलाडेल्फियात हेन्ले दांपत्याच्या प्रयोगशाळेतली एक टेक्निशियन आजारी पडली म्हणून. तिच्या आधीच्या रक्तात अँटिबॉडी नव्हत्या, आजारानंतर आल्या. १९६८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आमच्याच धंद्यातली बाई, म्हणून मला तिचं अप्रूप.

दीड महिन्याने मुलाचं रक्त पुन्हा आलं. पांढऱ्या पेशी ७,४००, मशीन गप्प. विषाणू मात्र आता त्याच्या बी पेशींत जन्मभर दडून राहणार, जसा बहुतेक मोठ्या माणसांत राहतो. स्लाइडवर लहान, गोल, नीटस कडांचे लिम्फोसाइट. तसा एखादाच मोठा, वाकडा सापडला.

रिपोर्ट न्यायला आई आली. मी कागद पुढे केला, तर तिने तो घेतला नाही. आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“मॅडमनी बघितलीय स्लाइड,” मी म्हटलं.