व्हॅरम पर्सीची पांढर

वाहनतळापासून गावापर्यंतची वाट जेमतेम सव्वा किलोमीटरची. पण आदल्या रात्रीच्या पावसाने ती इतकी निसरडी झाली होती की, दरीत उतरेतो माझ्या बुटांवर चिखलाचा बोटभर थर चढला. इंग्लंडमधल्या यॉर्कशायर वोल्ड्सच्या खडूच्या टेकड्यांमधले व्हॅरम पर्सी हे आपल्या महसुली भाषेत 'बेचिराख' गाव, म्हणजे जिथे आता दिवा लागत नाही असे. इ. स. 1500च्या सुमारास मेंढ्यांच्या कुरणासाठी इथली उरलीसुरली कुटुंबे हुसकावून लावण्यात आली.

पश्चिमेकडच्या चढावर प्रथम नुसते गवतच दिसले. ऊन तिरपे झाल्यावर मात्र त्या गवतातून गुडघाभर उंचीचे बांध, बुजलेला रस्ता आणि समोर घर व मागे परसू असे लांबट वाडगे एकामागून एक उमटू लागले. इतके आखीव गावठाण इंग्लंडवरच्या 1066च्या नॉर्मन आक्रमणाआधीच, म्हणजे सॅक्सन लोकांच्या राजवटीच्या उत्तरार्धात आखले गेले की त्यानंतर, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही.

मॉरिस बेरेसफर्ड हे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक आणि जॉन हर्स्ट हे पुरातत्त्वज्ञ यांनी 1950 ते 1990 अशी चाळीस वर्षे इथे उत्खनन चालवले. सॅक्सन घरे लाकडाची असल्याने त्यांचे वासे केव्हाच कुजून गेले होते आणि मागे राहिले ते खांबांच्या खड्ड्यांतले मातीचे काळपट डाग. अरुंद चर खणून असे डाग हाती लागत नाहीत, म्हणून त्यांनी मोठमोठे पट्टे एकदम उघडे करण्याची पद्धत धरली. मला स्वतःला कुठल्याही सापडलेल्या वस्तूपेक्षा ही चिकाटी अधिक थक्क करणारी वाटली.

दरीच्या तळाशी सेंट मार्टिनचे बिनछपराचे चर्च आहे. 1959मध्ये त्याच्या मनोऱ्याचा काही भाग कोसळला. जमिनीखाली तपासले, तेव्हा आधी दहाव्या शतकातले छोटे लाकडी चर्च आणि त्यानंतरचे दगडी चर्च असा क्रम उलगडला. भिंतीतल्या बुजवलेल्या कमानींवर मी हात फिरवून पाहिला: गाव वाढले तेव्हा बाजूचे पाखे जोडले गेले आणि लोकसंख्या ओसरली तसे ते पाडून कमानी चिणल्या गेल्या. भोवतालच्या दफनभूमीतून जवळजवळ सातशे सांगाडे मिळाले, त्यांतले सर्वांत जुने दहाव्या शतकातले. पलीकडे जे तळे आहे, त्याच्या बांधाखालीही सॅक्सन काळातल्या पाणचक्कीचा बंधारा निघाला.

परतताना शेजारच्या व्हॅरम-ले-स्ट्रीटला थांबलो. तिथल्या चर्चचा अकराव्या शतकातला मनोरा अजून ताठ उभा आहे, आणि रस्त्यापलीकडच्या एका खिडकीत नुकताच दिवा लागला होता.