दर नवव्या दिवशी रीबूट होणारा डबा : कर्नल लीक शोधतानाचा माझा अनुभव

आमच्या डब्यात, म्हणजे साइटवर बसवलेल्या छोट्या संगणकात, लिनक्स आहे, 512 एमबी रॅम, आणि त्यातला एक ड्रायव्हर (कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, चालून हार्डवेअरशी बोलणारा कोड) मीच लिहिलेला. साइटवरनं तक्रार यायची की डबा आठ-नऊ दिवसांनी आपोआप रीबूट होतो. मी म्हटलं लाइटचा घोळ असेल, यूपीएस बदलून बघा. लॉग मागवला तर ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) आमचंच ॲप मारलेलं आणि मग वॉचडॉगने (हालचाल थांबली की डबा रीसेट करणारा टायमर) रीसेट.

मग दोन दिवस ॲपलाच व्हॅलग्राइंड (मेमरीची गळती शोधणारं टूल) लावून बसलो, हाताला काही नाही. टॉप कमांडमधल्या सगळ्या प्रोसेसची बेरीज 60 एमबीच्या वर जाईना आणि फ्री मेमरी तर रोज घटतेय. शेवटी मेमइन्फो (मेमरीचा हिशेब देणारी कर्नलची फाइल) उघडलं, तिथे एसअनरिक्लेमचा (कर्नलने स्वतःसाठी घेतलेली, सहज परत न मिळणारी मेमरी) आकडा रोज 44 एमबीने वाढत होता, म्हणजे गळती कर्नलमध्येच. ॲप मेलं की त्याची मेमरी कर्नल काढून घेतो, पण कर्नलनेच घेऊन विसरलेली मेमरी कोण सोडवणार, रीबूटच. स्लॅबटॉपमध्ये (कर्नलची मेमरी कुठे गेली ते दाखवणारं टूल) केमॅलॉक-512, म्हणजे 512 बाइटच्या तुकड्यांचा साठा, फुगलेला. 44 एमबी भागिले 512 केलं, रोजचे 86 हजार तुकड्यांच्या आसपास. दिवसाचे सेकंद 86,400. आणि सेकंदाला एकदा कॉल होणारा ड्रायव्हर कुणाचा, तर माझा. पोटात गोळाच आला.

खात्री करायला केमेमलीक (कर्नलमधली गळती शोधणारी सोय) चालू करून कर्नल परत बिल्ड केला. पहिल्या स्कॅनला रिपोर्ट रिकामा, दुसऱ्याला 'अनरेफरन्स्ड ऑब्जेक्ट'ची (कुणीच धरून न ठेवलेल्या तुकड्यांची) रांग, प्रत्येकाच्या बॅकट्रेसमध्ये (मेमरी कुठल्या फंक्शनने घेतली त्याची यादी) माझंच आयऑक्टल फंक्शन, म्हणजे ॲपचे आदेश घेणारं. वर केझेडअलॉकने मेमरी घ्यायची, खाली आलेल्या डेटाची लांबी तपासायची, चुकली तर थेट रिटर्न ईइनव्हॅल (चुकीच्या इनपुटचा एरर), मधे मेमरी सोडणारं केफ्री नाहीच! नवीन ॲप 4 बाइट जास्त पाठवायचं, एरर गिळायचं आणि जुन्या फॉरमॅटने परत विचारायचं, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही.

आणि खरी भीती पुढेच होती, ड्रायव्हरच्या डिव्हाइस फाइलला परमिशन 666, म्हणजे कुणीही वाचा-लिहा. साध्या युजरने लॉगिन करून चुकीच्या लांबीचे सात-आठ लाख कॉल लूपमध्ये मारले की डबा आडवा, रूट (ॲडमिनचे हक्क) लागतच नाही. टेबलावर करून बघितलं, चहा संपायच्या आत गेला. आणि ओओएम किलर बिचारा बाकीच्यांना मारत सुटतो, मेमरी काही परत येत नाही.

फिक्स म्हणजे रिटर्नच्या जागी एका लेबलवर उडी मारणारं गोटू, त्या लेबलखाली केफ्री, आणि परमिशन 660, म्हणजे फक्त मालक आणि ग्रुपला. बारा दिवस चालवला, एसअनरिक्लेम जागचा हलला नाही. साइटवाल्यांना फोन केला तर म्हणाले, "साहेब, नवीन यूपीएस कालच बसवलाय, आता नाही होणार."