दोऱ्याने मोजलेलं न्यू यॉर्क

मुलाने तिकिटं पाठवली. मुंबईहून रात्री १.४५ ला निघून न्यू यॉर्कला त्याच दिवशी सकाळी ८.१५. ही म्हणाली, "साडेसहा तासच की! सांगलीहून मुंबईला जायला याहून जास्त वेळ लागतो."

तिकिटावरच्या दोन वेळा दोन वेगळ्या घड्याळांच्या असतात, हे तिला समजावताना माझ्यातला निवृत्त भूगोल शिक्षक जागा झाला. मे महिन्यात न्यू यॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे. साडेसहा अधिक साडेनऊ, म्हणजे सोळा तास.

अंतरासाठी शाळेतून आणलेला बारा इंची पृथ्वीगोल माळ्यावरून काढला. त्याचा घेर साधारण ९६ सेंटिमीटर, खऱ्या पृथ्वीचा ४०,००० किलोमीटर. हिच्या शिवणाच्या डब्यातला दोरा मुंबई ते न्यू यॉर्क ताणून धरला नि पट्टीवर ठेवला. बरोबर ३० सेंटिमीटर भरला. म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर! भिंतीवरच्या नकाशात सरळ रेघ मारली की ती सहारावरून जाते. गोलावरचा दोरा मात्र मॉस्कोजवळून, आइसलँडवरून, ग्रीनलँडच्या खालच्या टोकाला घासून गेला. तीस वर्षं हे मुलांना शिकवलं, पण स्वतःच्या तिकिटासाठी मोजताना मजा निराळीच.

अर्थात विमान काही दोऱ्यावरून गेलं नाही. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हद्द आपल्या विमानांना बंद, त्यामुळे उड्डाण केल्यावर समोरच्या पडद्यावरचं चिमुकलं विमान उत्तरेऐवजी अरबी समुद्रावर वळलं. वेग ताशी साडेआठशेच्या आसपास. ही शेजारी गाढ झोपलेली. मी घड्याळ भारताच्याच वेळेवर ठेवलं होतं, बीपीच्या गोळीसाठी. नाहीतर जेवणाच्या ट्रे येतात त्यावरून सकाळ की रात्र काहीच कळत नाही.

परतीला मात्र मी आपटलो. ५ नोव्हेंबरला दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १.१५ ला मुंबई. सव्वापंचवीसातून साडेनऊ वजा करून मी ऐटीत जाहीर केलं, पावणेसोळा तास. सूनबाई नातीला थोपटत हळूच म्हणाली, "बाबा, रविवारी इथली घड्याळं एक तास मागे गेली ना. आता फरक साडेदहाचा." पावणेपंधरा! भूगोलाच्या मास्तरानं कान धरले.

जाताना सोळा, येताना पावणेपंधरा, कारण त्या उंचीवरचे पश्चिमी वारे येताना पाठीशी असतात. पडद्यावर मध्येच ताशी १,०५० दिसलं, तेव्हा हिला मुद्दाम उठवून दाखवलं. "बरं," म्हणाली आणि पुन्हा झोपली.

मुंबईला उतरल्यावर ड्रायव्हरने विचारलं, "काका, किती तास लागले?" सांगितलं. पुढे खंबाटकीत ट्रक बंद पडलेला. सांगलीला पोचायला साडेनऊ तास लागले.