शुक्रवारचा बाजार चुकला

2024 ची नरक चतुर्दशी 31 ऑक्टोबरला होती. माझी पणत्यांची भट्टी उघडली 16 तारखेला, बुधवारी. गिऱ्हाइकांना मी खरं काय ते सांगितलं 20 तारखेला, रविवारी. हे लिहायला बसले आहे ते मधल्या चार दिवसांसाठी.

आम्ही गोव्यात डिचोलीजवळ राहतो. मातीचं काम सासरचं. सासऱ्यांना घरात सगळे भाऊ म्हणतात. ते मडकी करायचे, चवथीला गणपती करायचे. पणत्या मी सुरू केल्या. फोटो टाकून व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी घ्यायची सवयही माझीच. त्या वर्षी 23 जणांच्या मिळून 900 पणत्या वहीत मांडल्या होत्या. पस्तीस रुपयांना एक, पैसे आधी. म्हणजे 31,500 रुपये माझ्या खात्यात आले, आणि त्यातले जवळजवळ निम्मे लाकूड, माती आणि शेडच्या पत्र्यांवर गेलेही.

पणती उन्हात सुकवतात असं लोकांना वाटतं. पण कडक उन्हात कड आधी सुकते, बूड ओलं राहतं आणि चीर जाते. सावलीत, वाऱ्यावर, हळूहळू सुकवावी लागते. ऑक्टोबरात आमच्याकडे पाऊस परतून येतो, हवा दमट होते, आणि चार दिवसांत सुकणारी पणती आठ दिवस घेते. वरून बघाल तर रंग फिका, अगदी सुकलेली. आत पाणी असतं. ते भट्टीत तापलं की वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की पणती फुटते. एक फुटली की तिचे तुकडे शेजारच्यांना लागतात.

सुकली की नाही हे बघायची भाऊंची रीत साधी आहे: पणती गालाला लावायची. गार लागली तर आत पाणी आहे. मला हे चांगलं ठाऊक होतं. तरीही मी 420 पणत्या भट्टीत रचल्या, कारण दिवस मोजत होते आणि लाकूडही आधीच आणून ठेवलं होतं. बुधवारी भट्टी उघडली तेव्हा 170 चांगल्या निघाल्या. भाऊ तुकडे उचलता उचलता एवढंच म्हणाले, "गालाला लावून बघितलीस?" मी उत्तर दिलं नाही.

गुरुवारी मी सगळ्यांना एकच मेसेज पाठवला: "पावसामुळे थोडा उशीर होतोय, दिवाळीच्या आधी नक्की पोचवते." त्यात पाऊस खरा होता. "थोडा" खरा नव्हता. "नक्की" तर लिहिताना मला माहीत होतं की खोटं आहे. नवीन पणत्या घडवून, सुकवून, भाजून 28 तारखेपर्यंत फार तर 300 झाल्या असत्या. 900 कुठून आणणार? पण उत्तरं आली ती "चालेल ताई", "काळजी घ्या", "पावसात जपून". ती वाचून मला दिलासा मिळायला हवा होता. झालं उलटंच. त्या रात्री मी जेवले नाही.

रविवारी सकाळी थिवीच्या एका बाईंचा फोन आला. त्यांच्या 60 पणत्या होत्या. "ताई, खरं सांगा, होणार आहेत की नाही?" मग मी सगळं सांगितलं, भट्टी कधी उघडली तेही. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "शुक्रवारी मी म्हापशाच्या बाजारात होते. समोर पणत्यांचे ढीग होते. तुमच्या येणार म्हणून घेतल्या नाहीत. तुम्हाला बुधवारी कळलं होतं, मला का नाही सांगितलं?"

तोवर मला वाटत होतं की मी माझी अब्रू वाचवते आहे, थोडे दिवस मिळवते आहे. ते दिवस माझे नव्हतेच. ते त्यांचे होते. त्या दिवसांत त्या दुसरीकडून घेऊ शकल्या असत्या, स्वस्तात, हातात धरून बघून. मी त्यांचा एक शुक्रवार घालवला होता.

दुपारी वही घेऊन बसले. या वेळी सगळ्यांना एक मेसेज नाही, प्रत्येकाला वेगळा, त्याचा आकडा घालून. पुण्याच्या एका ताईंना लिहिलेला अजून फोनमध्ये आहे: "तुमच्या 40 पैकी 15 तयार आहेत, त्या 23 तारखेला पोस्टात टाकते. उरलेल्या 25 दिवाळीला मिळणार नाहीत. पाऊस आहेच, पण पणत्या ओल्या असताना भट्टी मी लावली आणि झेपेल त्यापेक्षा जास्त ऑर्डरी मी घेतल्या. पैसे परत हवे असतील तर उद्या संध्याकाळपर्यंत पाठवते. थांबणार असाल तर तुळशीच्या लग्नाला मिळतील. गुरुवारच्या मेसेजमध्ये मी नक्की म्हटलं होतं, ते चुकीचं होतं."

तुळशीच्या लग्नाचं भाऊंनी सुचवलं. आमच्याकडे त्याला व्हडली, म्हणजे मोठी, दिवाळीच म्हणतात. वृंदावन रंगवून त्यात ऊस, आवळ्या-चिंचेच्या फांद्या रोवतात, भोवती पणत्या लावतात. दिवाळीनंतर बारा-तेरा दिवस मिळत होते. तेवढ्यात घाई न करता काम झालं असतं.

माझा भाचा म्हणाला, आत्या, पाऊस म्हणजे नैसर्गिक आपत्ती, पैसे परत द्यायची गरज नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 त्याने मोबाईलवर काढून दाखवले. सांगितलेल्या तारखेनंतर माल पोचला तर विक्रेत्याला पैसे परत करायला नकार देता येत नाही. आवाक्याबाहेरच्या आपत्तीमुळे उशीर झाला असेल तरच सूट आहे. पण गोव्यात ऑक्टोबरात पाऊस पडतो हे कुंभाराच्या घरात कोणाला माहीत नाही? ती सूट मी घेऊ शकत नव्हते.

नऊ जणांनी पैसे परत मागितले. खात्यात पुरेसे नव्हते, बचत गटातून 10,000 उचलले आणि ते फेडायला मार्च उजाडला. तिघांना पूर्ण माल गेला. अकरा जण तुळशीच्या लग्नापर्यंत थांबले. मडगावच्या एका काकांनी मात्र लिहिलं, "पुन्हा संपर्क करू नका." त्यांना पैसे पाठवले, क्षमा मागितली आणि पुन्हा संपर्क केला नाही.

दुसऱ्या भट्टीआधी मी प्रत्येक पणती गालाला लावली. तीनशेच्या वर पणत्या, दोन संध्याकाळी गेल्या. रात्रभर बारीक जाळ ठेवला, पहाटे वाढवला. नऊ फुटल्या. व्हडल्या दिवाळीच्या आदल्या दिवशी शेवटचा खोका डिचोलीच्या बसस्टँडवर चढवला.

2025 ला मी 550 वर ऑर्डरी बंद केल्या. पहिली भट्टी उघडली त्याच संध्याकाळी सगळ्यांना फोटो पाठवला, फुटलेल्यांसकट, कोणाच्या किती तयार आहेत ते आकडे घालून. दोघांनी लगेच थोड्या कमी केल्या, बाकीचे थांबले.

थिवीच्या बाईंनी ऑर्डर दिली नाही. वहीत त्यांच्या नावापुढे अजून 60 लिहिलेलं आहे.