एरर मेसेजची डागडुजी: बाण, दूध आणि दुधी

गेले तीन आठवडे माझ्या मराठी इंटरप्रिटरमध्ये (मराठीत लिहिलेले प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) एकही नवीन सोय घातली नाही. सगळा वेळ एरर मेसेजवर गेला, आणि तो सत्कारणी लागला असं मनापासून वाटतं.

सुरुवात भाच्यामुळे झाली. ‘ओळ ३: चूक’ एवढंच वाचून तो बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसला:

एकूण = किमत * नग

वर नाव ‘किंमत’ दिलं होतं, इथे अनुस्वार राहिला. नेमका शब्द दाखवला असता, तर त्याच्या लगेच लक्षात आलं असतं.

म्हणून चुकलेल्या शब्दाखाली बाण (^) काढायला घेतला. पहिल्याच चाचणीत बाण ओळ संपल्यावर मोकळ्या जागेत जाऊन पडला. माझा लेक्सर (प्रोग्रॅमचे शब्द वेगळे करणारा भाग) सी भाषेत आहे आणि तो कॉलम, म्हणजे ओळीतली जागा, बाइटने मोजत होता. यूटीएफ-८ मध्ये (मजकूर बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘एकूण’ म्हणजे ए, क, ऊकार, ण, असे १२ बाइट. बरोबरचं चिन्ह (=) आणि दोन स्पेस धरून १५. पडद्यावर मात्र तिथवर ६ च घरं भरतात. कोडपॉइंट (युनिकोडने क्रमांक दिलेली सुटी चिन्हं) मोजले तरी ७ येतात, कारण ऊकार वेगळा धरला जातो. मग ग्राफीम क्लस्टरने, म्हणजे वाचताना एक अक्षर वाटणाऱ्या चिन्हांच्या गटाने, मोजायला लागलो. त्यातही युनिकोड १५.१ चे (२०२३) नियम घ्या. आधीच्या नियमांनी ‘क्षेत्र’चे चार तुकडे पडतात, आता दोनच.

एवढं करूनही एका टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) बाण सरकतोच, कारण जोडाक्षराला किती रुंदी द्यायची ते प्रत्येक टर्मिनल आपापलं ठरवतं. शेवटी बाण काढून टाकला आणि एस्केप कोडने (टर्मिनलला मजकूर कसा दाखवायचा ते सांगणारी खूण) शब्दच अधोरेखित केला. देवनागरीसाठी मला हेच योग्य वाटतं.

पुढचं काम ‘तुम्हाला हे म्हणायचं होतं का?’ या सूचनेचं. साधं लेव्हेन्स्टाइन अंतर वापरलं होतं, म्हणजे एका शब्दाचा दुसरा करायला किती चिन्हं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात तो आकडा. किराणा हिशोबाच्या फाइलमध्ये ‘दूध’ आणि ‘दुधी’ अशी दोन नावं होती. मी ‘दुध’ लिहिलं, तर सूचना आली ‘दुधी’! दोन्हींचं अंतर १ च, आणि दुधी यादीत आधी. आता ऱ्हस्व-दीर्घाची अदलाबदल आणि राहिलेला अनुस्वार यांना अर्धाच दंड धरतो. आपण टाइप करताना चुकतो ते बहुतेक तिथेच.

न मिटलेल्या कंसाचं काम अर्धवट आहे. पायथन भाषेत ३.१० पासून (२०२१) उघडा राहिलेला कंसच दाखवला जातो. त्याआधी बऱ्याचदा पुढच्याच ओळीवर ठपका यायचा. मीही उघडणाऱ्या प्रत्येक कंसाची जागा स्टॅकवर (शेवटी ठेवलेलं आधी निघतं अशी यादी) ठेवतो, त्यामुळे तो कुठे उघडला ते सांगता येतं. कुठे मिटायला हवा होता, ते ओळींच्या इंडेंटवरून (सुरुवातीला सोडलेल्या जागेवरून) ओळखायचा प्रयत्न या आठवड्यात करतोय.