क्रम कुठून आणायचा? फेगिनच्या प्रमेयाशी माझे तीन आठवडे

एमएस्सीच्या सेमिनारसाठी मी रोनाल्ड फेगिनचं 1974 साली प्रसिद्ध झालेलं प्रमेय मागून घेतलं. ते म्हणतं: एनपी वर्गातले प्रश्न (ज्यांचं 'हो' हे उत्तर पुरावा हातात असेल तर झटपट तपासता येतं) म्हणजे नेमके तेच, जे 'असे असे संबंध आहेत की...' अशी सुरुवात करून पुढे साध्या फर्स्ट-ऑर्डर लॉजिकमध्ये ('प्रत्येक वस्तू', 'एखादी वस्तू' एवढंच बोलणाऱ्या तर्कभाषेत) मांडता येतात. वाक्यात ना यंत्र, ना वेळ, ना पायऱ्यांची मोजदाद. मला ते वाचून अक्षरशः झोप लागली नव्हती.

एक बाजू सोपी. ग्राफ, म्हणजे कडांनी जोडलेले बिंदू, तीन रंगांत असा रंगवता येतो का, की जोडलेल्या बिंदूंचे रंग वेगळे राहतील? 'असे तीन संच आहेत की प्रत्येक बिंदू त्यांतल्या एकात आहे, आणि कडेने जोडलेले दोन बिंदू एकाच संचात नाहीत.' संच कुणी हातात दिले, तर पुढची तपासणी झटपट होते.

अडले ते उलट बाजूला: एनपीतला कुठलाही प्रश्न अशा वाक्यात बसवायचा. ट्युरिंग यंत्राची (संगणकाच्या साध्या गणिती नमुन्याची) अख्खी धाव एका तक्त्यात मांडायची आणि तो तक्ता म्हणजेच एक संबंध, असं म्हणायचं. ओळींना क्रमांक म्हणून बिंदूंच्याच जोड्या, त्रिकुटं वापरायची. इथवर ठीक. पण 'पुढची ओळ' म्हणजे कोणती? ग्राफच्या बिंदूंना पहिला-दुसरा असं काही नसतंच! चार दिवस मी तिथेच.

शेवटी सरांकडे गेले. त्यांनी एवढंच विचारलं, "वाक्याच्या सुरुवातीला तू काय मागू शकतेस?"

"कोणताही संबंध."

"मग क्रम हा संबंध नाही का?"

तिथल्या तिथे वही उघडून लिहिलं: 'असा एक संबंध आहे, जो सगळ्या बिंदूंना एका रांगेत लावतो.' तो खरंच रांग लावतो की नाही, हे फर्स्ट-ऑर्डरमध्येच तपासता येतं. उरलेली सिद्धता दोन संध्याकाळींत झाली.

हे 'मागणं' किती मोलाचं आहे, ते मला चिंचोक्यांनी पटवलं. रूममेटसोबत एरनफॉइख्ट-फ्रेसे खेळ मांडला, ज्यात दोन ढिगांतला फरक मी दाखवायचा आणि तिने तो लपवायचा; जितक्या फेऱ्या, तितकंच खोल वाक्य फर्स्ट-ऑर्डरमध्ये म्हणता येतं: एका ढिगात आठ, दुसऱ्यात नऊ, तीन फेऱ्या. मी नवा चिंचोका उचलला की ती दुसऱ्या ढिगातून नवा उचलायची. मी जुन्यालाच हात लावला की ती त्याच्या जोडीदाराला. तीन फेऱ्यांत फरक दाखवणं अशक्य. फेऱ्या वाढवा, ढीग वाढवा, तेच. म्हणून नुसत्या फर्स्ट-ऑर्डरमध्ये 'संख्या सम आहे' म्हणता येत नाही. एक संबंध मागायची मुभा मिळाली की 'सगळ्यांच्या जोड्या लागतात' म्हटलं, की झालं.

सेमिनारला एका मैत्रिणीने विचारलं, मग पी वर्गाचं, म्हणजे झटपट सोडवता येणाऱ्या प्रश्नांचं, काय? बिंदूंचा क्रम आधीच दिलेला असेल, तर उत्तर आहे: फर्स्ट-ऑर्डर लॉजिकला लघुतम स्थिरबिंदूची (एखादी व्याख्या नवं काही मिळेनासं होईपर्यंत पुन्हापुन्हा लावण्याची) जोड दिली की नेमका पी मिळतो. 1982 साली इमरमन आणि वार्डी यांनी हे स्वतंत्रपणे दाखवलं. क्रम दिलेला नसेल, तर पी नेमका पकडणारं लॉजिक आहे की नाही, हे अजून कुणाला माहीत नाही. गणितज्ञ युरी गुरेविचचा अंदाज: असं लॉजिक नाही. तो कुणी सिद्ध केला, तर पी आणि एनपी वेगळे आहेत हेही त्याच दिवशी सिद्ध होईल, कारण एनपीसाठी असं लॉजिक फेगिनने देऊन ठेवलंच आहे.